ओल्या लुगड्याचे दिवस

तमिळ पंचांगातला ऐप्पसी महिना लागला की आमच्या गावात कपडे वाळायचे थांबतात. महाराष्ट्रातल्या माणसाला हे जरा समजावून सांगावं लागतं. तिकडे पाऊस आवरतं घेतो, लोक आकाशकंदील टांगायला लागतात, तेव्हा तंजावूरला आमचा खरा पाऊस सुरू होतो आणि मग कितीतरी आठवडे जागचा हलत नाही. तो फारसा गाजावाजा करत नाही. नुसता असतो. सांबा भाताची रोपं त्यात पोटरीभर पाण्यात उभी असतात आणि मजेत असतात. दमट होतो ते आम्ही. पंख्याखाली टॉवेल, खुर्चीच्या पाठीवर ओढण्या, खिडकीच्या गजांवर रुमाल. शेवटी माणूस कपडा गालाला लावून बघतो, ‘चालेल’ म्हणतो आणि अंगावर चढवून कामाला निघतो. सकाळच्या पापनाशमच्या बसमध्ये या दिवसांत सगळ्यांच्या अंगाला एकच वास असतो, अर्धवट वाळलेल्या सुताचा.

मी शिकवते ते कॉलेज त्याच वाटेवर आहे. डिझाइनमधलं संशोधन कसं करावं, हा माझा विषय. मुलांचे प्रबंध नेमके याच ओल्या दिवसांत द्यायचे असतात, त्यामुळे माझ्या टेबलावर कागदही जरा फुगलेले असतात. काही प्रबंधांत थिअरी ढीगभर असते आणि वस्तू नखाएवढी. काहींत वस्तू छान असते, पण ती का केली हे विचारलं की मूल वस्तूकडेच बघत राहतं. आणि दर वर्षी कोणीतरी येऊन विचारतं, ‘‘मॅडम, थिअरी किती घालायची आणि प्रॅक्टिस किती?’’ जणू इडलीला तांदूळ किती आणि उडीद किती. मी काहीतरी पुस्तकी सांगते. ते लिहून घेतात. दोघांचंही समाधान होतं.

मला या प्रश्नाबद्दल जे थोडंफार कळलं ते एका ऐप्पसीत कळलं, आणि ते वर्गात सांगण्यासारखं नाही. त्यात एक काकू आहे, तिचा आखडलेला खांदा आहे आणि एक नऊवारी लुगडं आहे.

तेव्हा मी स्वतः प्रबंध लिहीत होते. पुण्यात शिकून आले होते. तिथे माझं मराठी ऐकून लोक हसत आणि मग प्रेमाने जेवायला वाढत. तंजावूरला परतल्यावर राहायला काकांकडे होते. काका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, वीज खात्यातून निवृत्त झालेले. काकू त्यांच्याहून बुटकी आणि त्यांच्याहून मोठ्या आवाजाची. घर साधं, अलीकडच्या बांधणीचं, वर पाण्याची टाकी, दारात स्कूटर. पण त्या घरात एक गोष्ट जुनी होती आणि ती छताला टांगलेली होती.

महाराष्ट्रात ज्याला सोवळं म्हणतात त्याला आम्ही मडी म्हणतो. मडीचं लुगडं धुऊन कोणाचाही हात न लागता वाळलं पाहिजे. त्यासाठी स्वयंपाकघरामागच्या पडवीत, छताच्या जरा खाली, एक बांबूची दांडी आडवी टांगलेली असे. पिळलेलं लुगडं लांब काठीच्या टोकावर घ्यायचं, हात पूर्ण वर ताणून ते दांडीवर टाकायचं, आणि त्याच काठीने पसरायचं. मी लहानपणापासून हे बघत आले होते. आमच्या घरातल्या बायकांचे खांदे त्या काठीनेच झिजले असतील असं मला डिझाइन शिकल्यावर वाटायला लागलं. त्याआधी ते कधी दिसलंच नव्हतं.

त्या वर्षी काकूचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चालवायला सांगितली होती. ती दूध तापेपर्यंत भिंतीवर बोटं चालवत उभी राहायची आणि मध्येच कंटाळून भिंतीवरचा डाग पुसायची. काठी कोपऱ्यात उभी राहिली. आणि आजीची तिथी जवळ आली.

आजी म्हणजे काकांची आई. काकू तिला अम्मा म्हणे. वर्षातून एकदा श्राद्ध होई आणि त्या दिवशीचा स्वयंपाक मडीत, काकूच्या हातचा. काका व्यवहारी माणूस. ते म्हणाले, ‘‘अग, यंदा मठांत करूंया. अस्की सोय असते तिथं. आपण अंघोळ करून जायचं, तेवढंच.’’ आमच्या बोलीत अस्की म्हणजे सगळी.

काकूने ताटातला पापड मोडला, पण खाल्ला नाही. काका हात धुवायला गेल्यावर मला म्हणाली, ‘‘मठांतल्या सैपाक्याला अम्मा कोण ते काय ठाऊक, रुक्कू? मी या घरांत आले तेंव्हां मला भात उतरवायला येत नव्हतं. माझ्या आईनं शिकवलंच नव्हतं. अम्मांनी कोण्हाला कळूं दिलं नाही. भात त्या करायच्या, आणि बाहेर सांगायच्या, सुनेनं केलंय.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘त्या गेल्यापासून त्यांच्या तिथीला दुसऱ्या कोण्हाचा हात लागला नाही.’’

तिला काय हवं होतं ते इतकं साधं होतं. एक दिवस, एक स्वयंपाक, स्वतःच्या हातचा. मला त्यात प्रबंधाचं एक प्रकरण दिसलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; तिच्यासाठी वाईट वाटत होतं आणि माझे डोळेही चमकले होते.

मी आधी थिअरी केली, कारण ती बसल्या जागी होते. मडी मोडणारा स्पर्श कशातून जातो आणि कशातून जात नाही, याचं एक जाळं काढलं. सुतातून जातो. रेशमातून जात नाही. लोकरीतून जात नाही. लाकूड ठीक. पाणी पडलं की सगळं नव्याने सुरू. बिंदू आणि रेघा, लाल आणि निळ्या. चित्र इतकं सुरेख झालं की मी ते काकूला दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं.

‘‘ह्यांत मी कोठें?’’

मी एक बिंदू दाखवला.

‘‘इतकीच?’’ ती म्हणाली. मग बराच वेळ बघून, ‘‘रंग बरे घातलेस. कोलमासारखं दिसतंय.’’ कोलम म्हणजे आमची रांगोळी. तिने ते फ्रीजवर लावायला मागून घेतलं. माझ्या प्रबंधातली ती एकमेव आकृती जी कोणीतरी हौसेने लावून ठेवली.

माझे मार्गदर्शक सर ओरत्तनाडूकडच्या शेतकरी घरातले. कमी बोलत, आणि बोलत तेव्हा मला घरी जाईपर्यंत पुरेल एवढं बोलत. त्यांनीही ते चित्र बराच वेळ बघितलं. मी दांडी खालीवर करायची कप्पी बसवणार आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, ‘‘माझी आई असल्या घरांच्या मागच्या दारापर्यंतच गेली. तुझी दांडी खाली येणार, चांगलं आहे. ती कोणाला लांब ठेवण्यासाठी वर जाते, तेही लिही.’’

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी लिहिलं. वीसेक वेळा खोडून लिहिलं. मडीला मी नुसती घरगुती रीत म्हणून मोकळी होऊ शकत नव्हते. ती रेघ कोणाच्या तरी अंगावरून ओढलेली होती आणि ते मला शाळेपासून माहीत होतं. जे माहीत असतं ते वाक्यात यायला किती वेळ लागतो, हे तेव्हा कळलं. पण लिहून झाल्यावरही काकूचा खांदा तसाच होता. एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं म्हणून दुसरा खरा प्रश्न सुटत नाही. सरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘मग दोन्ही कर. त्यासाठीच तर वर्षं देतात.’’

कप्प्या बाजारात सहज मिळाल्या, त्यांच्याबरोबर नायलॉनची दोरीही. सुतारानं छतात हूक मारले. दोरी सैल केली की दांडी कमरेपर्यंत खाली येई. लुगडं टाकायचं, डाव्या हाताने दोरी ओढायची, दांडी वर जाई. काकूने ती दोन-तीनदा खालीवर केली आणि चौथ्यांदा उगाचच केली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मी आत जाऊन पाणी प्यायले. डिझाइन करणाऱ्या माणसाच्या वाट्याला असा क्षण फार येत नाही.

दोरीचं टोक बांधायला मी परसाच्या दाराशी एक छानसा हूक बसवला होता. पावसाळ्याच्या घरात दाराशी रिकामा हूक. दुसऱ्याच दिवशी काका भाजी घेऊन आले आणि त्यांनी त्यावर छत्री अडकवली.

‘‘ऐय्यो!’’ काकूचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असावा. ‘‘छत्री काढा. लुगडं गेलं माझं.’’

‘‘काय म्हणून गेलं? छत्री खाली, लुगडं वर.’’

‘‘दोरीला लागली की. दोरी दांडीला, दांडी लुगड्याला.’’

काका हसले. आयुष्यभर विजेच्या तारा सांभाळलेला माणूस, हा प्रांत त्यांचा होता. ‘‘अग, नायलॉन आहे ते. नायलॉनांतून करंटपण जात नाही, मडी कशी जाईल?’’

मला वाटलं, झालं, आता माझ्या जाळ्यात एक नवा पदार्थ आला. मी वही घ्यायला वळलेसुद्धा. तेवढ्यात काकू शांतपणे म्हणाली, ‘‘ओल्या दोरीला हात लावूं नका, शॉक बसतो, म्हणून नोकरीभर मला कोण सांगत होतं? छत्री ओली आहे की.’’

काकांनी छत्री काढली. लुगडं पुन्हा धुतलं गेलं. मी हूक काढून स्वयंपाकघराच्या आत, काकूच्या हद्दीत बसवला, आणि दाराशी छत्रीसाठी दुसरा दिला. पुढे व्हायवाच्या वेळी एका परीक्षकांनी विचारलं की हे मानववंशशास्त्र आहे की हार्डवेअर? सभागृहात हशा पिकला. मीही हसले. मनात म्हटलं, छत्री होती हो ती.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्या नाही, सरांच्या नाही, काकूच्याही नाही, जिने अशा कितीतरी ऐप्पसी काढल्या होत्या. लुगडं वर कसं जाईल याचाच आम्ही विचार करत होतो. ते वाळायलाही हवं होतं.

तिथीच्या आधी पाऊस लागला तो उघडेचना. पडवीत दोन लुगडी टांगलेली, एक नेसायचं, एक जास्तीचं. हवाच इतकी ओली होती की ती आदल्या दिवशीपेक्षा जड वाटत. तिथीच्या सकाळी काकूने दोरी सैल केली, दांडी कुरकुर न करता कमरेपर्यंत आली, आणि तिने हात लावून बघितला. हाताला पाणी आलं. कप्पी उत्तम चालत होती.

काका दारात उभे. ‘‘अजून मठाला फोन करूं शकतो मी.’’

‘‘नक्को,’’ काकू म्हणाली. ‘‘ओलंच नेसते. ओली मडी अस्क्यांत मोठी.’’

हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. ऐकलेलं होतं, कोणा नातेवाइकाच्या तोंडून, कधीतरी. वाळलेलं नसेल तर ओलं नेसायचं, आणि त्याला कोणी बोट लावू शकत नाही. काकू दोन्ही लुगडी पुन्हा पाण्यातून काढायला बरोबर घेऊन अंघोळीला गेली. मी बाहेरच्या खोलीत वही, पेन, कॅमेरा नीट मांडून बसले. माझी जागा मला ठरलेली वाटत होती: उंबऱ्याच्या अलीकडे, खुर्चीवर, निरीक्षण.

आतून हाक आली. ‘‘रुक्कू!’’

‘‘काय काकू?’’

‘‘अंघोळ झाली?’’

‘‘केव्हाची.’’

‘‘पुन्हा कर. डोक्यावरून. तुझी तारीख कधी?’’

‘‘पुढच्या आठवड्यांत.’’

‘‘सरी. मग ये लौकर. हे मला एकटीला नेसवत नाही.’’

ओलं नऊवारी किती जड असतं ते तोवर मला ठाऊक नव्हतं, आणि आखडलेल्या खांद्याला ते मागून पुढे आणता येत नाही, हे तिलाही तेव्हाच कळलं होतं. मी डोक्यावरून पाणी घेतलं. दुसरं लुगडं मला गुंडाळलं गेलं, म्हणजे काकूने सांगितलं आणि मी गुंडाळलं. मग तिचं मी नेसवलं. निऱ्या घसरत होत्या. पाठीवरून थंड पाणी ओघळत होतं. आम्ही दोघी सारख्याच भिजलेल्या, म्हणजे दोघीही मडीत, त्यामुळे तिने माझा दंड धरून मला फिरवलं, पदर ओढला, कंबरेला खोचलं. लहानपणानंतर मडीच्या दिवशी तिचा हात मला पहिल्यांदा लागत होता. मला भरून आलं. थंडीने दात वाजत होते म्हणून ते झाकलं गेलं.

वही बाहेर राहिली. पेन बाहेर, कॅमेरा बाहेर. सगळं त्या रेघेच्या पलीकडे. प्रबंधात त्या दिवसाचा एकही फोटो नाही, एक ओळ नाही.

स्वयंपाकघरात गेल्यावर उरलेलं उघड झालं. काकूला पातेलं उचलता येत नव्हतं. डाव्या हाताने ढवळायला गेली तर पातेल्यातलं पाणी कडेवरून सांडलं. ती पाटावर बसली. तिला हवं होतं तेच तिच्या हातून जात होतं, आणि तिला ते माझ्या आधी कळलं होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

‘‘डाळ घाल,’’ ती म्हणाली.

मी डाळ घातली. त्यानंतर तिने फक्त सांगितलं आणि मी फक्त केलं. मिरची नाही, मिरी. आलं ठेचून. कच्ची केळी इतपत जाड, नाही, त्याहून बारीक. कारलं पिळ, पण जीव जाईल असं नको. वड्याचं पीठ बोटावर घेऊन बघ, गळतंय का. जिने कधी आयुष्यात सांगून स्वयंपाक केला नव्हता ती आता शब्द शोधत होती, आणि जिने सगळं वर्ष शब्दांत घालवलं होतं ती भाजत होती, तळत होती, बोटं चटकवून घेत होती. कोण काय करतंय याचा विचार करायला मला वेळ नव्हता. वडे जळत होते.

आमटी उकळायला लागली. मी सवयीने पळी तोंडाकडे नेली.

‘‘ए!’’ काकू ओरडली.

श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो. पितरांच्या आधी कोणी नाही. हेही माझ्या प्रकरणात होतं, तळटीप म्हणून.

‘‘मग मीठ कसं कळायचं?’’

‘‘मला कळतं.’’

‘‘तुला हातांत कळतं, काकू. माझ्या हाताला कसं सांगशील?’’

तिने आपली डावी मूठ उघडून बघितली, जणू तिच्यात काय असतं ते ती पहिल्यांदाच बघत होती. ‘‘घे मीठ. मूठ कर. अशी नाही, जरा उघड. हां. वर थोडं राहूं दे. घाल. आणखी... आणखी की ग. पोदुम, पोदुम, पुरे.’’

मी घातलं. पुरेसं की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं.

भटजी आले, होम झाला, पानं मांडली गेली. काका उघड्या अंगाने पुढे बसले होते आणि मधूनमधून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. श्राद्धाचं जेवण मुकाट्याने जेवायचं असतं, कोणी बरं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. मी आणि काकू दाराआड उभ्या. लुगडी आता अंगावरच बरीच वाळली होती, गॅसच्या बाजूने जास्त. एका भटजींनी आणखी आमटीसाठी हात पुढे केला. मी काकूकडे बघितलं. तिचा चेहरा काही सांगत नव्हता. भूक लागली असेल, ती पुटपुटली.

शेवटी ठरलेला प्रश्न विचारला गेला, ठरलेलं उत्तर मिळालं, तृप्त झालो म्हणून. ते मंत्रातलं उत्तर आहे, सगळ्यांना मिळतं. काकांनी कावळ्यासाठी भिंतीवर पिंड ठेवला, आणि पावसात भिजलेला एक कावळा लगेच आला.

मग आमचं जेवण. काकूने पानात भात घेतला, मध्ये खळगा केला, मी आमटी वाढली. मी वाढणं सोडून तिच्यासमोर उभीच राहिले. काकासुद्धा घास हातात धरून थांबले होते. तिने कालवलं, पहिला घास घेतला, डोळे पानावर ठेवून सावकाश चावला. मग दुसरा घेतला.

‘‘मीठ कमी पडलंय,’’ ती म्हणाली.

मी मीठ आणायला वळले.

तिने आणखी एक घास घेतला, पान जरा माझ्याकडे सरकवलं आणि आणखी आमटी वाढ म्हणून बोटाने दाखवलं. ‘‘पुढल्या वर्षी मूठ मोठी कर.’’